पिंजारणीचं नाव

मी ग्रंथपाल आहे. कुणी काहीही सांगितलं की 'कुठं लिहिलंय?' असं विचारायची मला सवय. अंगात येणं, भानामती, चकवा... आमच्या मराठवाड्यात असल्या गोष्टींना तोटा नाही, पण मी त्या ऐकून हसणाऱ्यांतली. म्हणूनच हे लिहू की नको करत बरेच महिने घालवले. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसंच लिहिते.

गाव परतूर, जिल्हा जालना. जुन्या गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा, एवढंच. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही तिथं गावाचा इतिहास जमवायला घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, मोबाईलवर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, टाईप करून फाईलला लावायच्या. कुणीही यावं, वाचावं, ऐकावं. काम छान होतं, पण वेळ हातात नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता मी पोहोचायचे आणि दारात चपलांचा ढीग दिसायचा... की समजायचं, आपल्याला उशीर झाला.

मोतीलालकाका मात्र स्वतःहून आले. मारवाडी जैन घर, पिढ्यान् पिढ्या गावात आडत. वय पंच्याऐंशीच्या आसपास. काठी टेकत व्हरांडा चढले आणि दम खाऊन म्हणाले, "बाई, माझं एक लिहून घ्या. घरात कुनाला सांगितलं न्हाई."

मी मोबाईल पुढं ठेवला.

"रझाकाराच्या टायमाला मी सात-आठ वर्साचा होतो. आमच्या आडतीच्या मागं पेव होतं, जमिनीत धान्य साठवायचं. त्याच्यात आम्ही लपल्तो. आई, मी, दोन भावंडं आन् शेजारची मान्सं. वर फरशी, फरशीवर कडबा. कितीक दिवस, ते बराबर सांगता येत न्हाई. अंधारात दिवस कुठं मोजतो मानूस? पानी संपलं. लहान भाऊ रडायचा तर आई त्याचं तोंड दाबून धरायची... मंग एक पिंजारीण याया लागली. मुसलमानाची. कापूस न्यायच्या बहान्यानं यायची, फरशी सरकवून दोरीनं कळशी खाली सोडायची. कुनी बघितलं असतं तर तिची काय गत झाली असती, सांगा."

मोबाईल चालू आहे ना, हे काकांनी वाकून पाहिलं.

"समदं शांत झालं तवा बापानं ताकीद दिली. तिच्या हातचं पानी प्यालो, हे कुठं बोलायचं न्हाई. मी बोललो न्हाई. पुढं एकदा बाजारात ती समोर आल्ती. मला वळखून हसली. मी तोंड फिरवलं, बाई. आठ वर्साचं पोरगं मी... तोंड फिरवून निघून गेल्तो."

मग त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "तिचं नाव लिहा."

"काय नाव?"

"तेच आठवत न्हाई," म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागला.

मला वाटलं, एक नाव शोधायला असा किती वेळ लागणार? पण जिथं जावं तिथं उत्तर एकच. 'पिंजारीण.' जुने कागद पाहिले, मशिदीजवळच्या बुजुर्गांना विचारलं, गल्ली-गल्ली फिरले. ते घर फार पूर्वी गाव सोडून गेलेलं. कुठं गेलं, का गेलं, कुणालाच माहीत नाही.

एक आशा होती ती कौसाबाईंची. शेतकऱ्याच्या घरातली बाई, माहेर त्या आडतीच्या मागच्याच गल्लीत. मी त्यांचं रेकॉर्डिंग पूर्वीच केलं होतं, आणि पेवात पाणी देणाऱ्या पिंजारणीचं त्यांनीही त्यात सांगितलं होतं. पण त्याच्यात मी नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नाव न्हाई ठावं बाई. समदे पिंजारीणच म्हनायचे." हे वाक्य मी माझ्या हातानं टाईप केलेलं. आणि पुन्हा विचारावं तर कौसाबाई वारल्या होत्या.

रोज सकाळी दहाला मी वाचनालयाचं कुलूप काढायचे आणि फोन वाजायचा. "सापडलं का?" मी म्हणायचे, नाही काका. तिकडून फोन बंद व्हायचा.

फेब्रुवारीत काका पडले. तेव्हापासून अंथरुणावरच. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. आता त्यांच्या सूनबाई, सुशीलाभाभी, फोन करायच्या. "मॅडम, बाबूजी खात नाहीत, पाणीसुद्धा तोंडाशी नेलं की तोंड फिरवतात. एकच विचारतात. काहीतरी करा ना."

काय करणार होते मी? सगळ्या फाईली पुन्हा वाचल्या. रात्रंदिवस डोक्यात तेच. आणि शेवटी जे ठरवलं ते सांगायलाही लाज वाटते. ठरवलं की खोटं सांगायचं. 'फातिमाबी' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मरणाऱ्या माणसाला शांती मिळेल, कोण तपासायला येतंय? जी बाई आयुष्यभर 'कुठं लिहिलंय?' विचारत आली, ती खोटं नाव घेऊन मार्चमधल्या एका दुपारी, साडेतीनच्या सुमारास, काकांच्या पलंगाशी जाऊन बसली.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "कौसाचं बोलनं लावा."

"काका, त्यांना नाव माहीत नव्हतं. मी सांगितलंय ना तुम्हाला..."

"लावा. तिचा आवाज ऐकून मला आठवंल. जल्दी करा बाई, टाईम न्हाई ऱ्हायला."

मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. भाभी पलीकडं पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. पेवाचा भाग आला. माझा आवाज आला, "तिचं नाव काय होतं, आजी?" पुढचं वाक्य मला पाठ होतं.

ते आलं नाही.

कौसाबाई थोडं थांबल्या. मागं कोंबडी ओरडली, ती नेहमीचीच. आणि मग त्यांचाच तो घोगरा आवाज, "मैना. मैनाबी नाव तिचं. दारात चिंच होती बघ तिच्या, दोन खोडाची."

माझ्या हातून मोबाईल पलंगावर पडला. भाभी म्हणाल्या, "मैनाबी म्हणाल्या ना? तुम्ही तर म्हणत होतात..."

काकांनी डोळे मिटले होते. "मैनाबी," ते म्हणाले. "हां. मैनाबी. बिलकुल बराबर." मग भाभींच्या हातातल्या पेल्याकडं पाहून त्यांनी तोंड उघडलं आणि घोट घोट करत सगळं पाणी प्यायले.

मी तेच रेकॉर्डिंग मागं घेऊन पुन्हा लावलं. "तिचं नाव काय होतं, आजी?" कोंबडी. "नाव न्हाई ठावं बाई. समदे पिंजारीणच म्हनायचे." तीनदा लावलं, चारदा लावलं. तेच. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर मूळ फाईल होती, त्यातही तेच. संगणकाचं शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना ती फाईल दाखवली. ते म्हणाले, रेकॉर्ड झाल्यापासून तिला कुणी हातही लावलेला नाही.

चौथ्या दिवशी काका गेले.

मी स्वतःला समजावलं. नाव काकांनाच आठवलं असेल, ते पुटपुटले असतील, आम्हाला भास झाला असेल. पण भाभींनी ऐकलेले शब्द आणि माझे शब्द एकच होते. बाईचा आवाज, दोन खोडाची चिंच, सगळं. तरी ते खरं कशावरून? आता ज्याला सांगायचं तो माणूसही राहिला नव्हता. महिनाभर मला झोप नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, पिंजाऱ्यांची काही घरं वाटूरला आहेत, गाद्या भरतात. मी बस धरून वाटूरला गेले.

फाट्याजवळच्या एका दुकानात पंचावन्न-साठीची बाई गादीला टाके घालत बसली होती. नाव शमीम. मी मुद्दाम काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

"परतूर. दादीच्या जमान्यात सोडलं."

"दादीचं नाव?"

सुईवरून नजर न काढता ती म्हणाली, "मैनाबी."

मी घराबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी कुठं पाह्यलं? अब्बू सांगायचे, दारात चिंच होती म्हने. दोन खोडाची. लहानपनी त्याच्यात लपायचे ते." मग तिनं सुई खाली ठेवली. "कामून विचारून राह्यल्या तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. पेव, कळशी, काका. ती ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बदलत गेला.

"आमच्या घरात दादीचं नाव चांगलं घेत न्हवते," ती म्हणाली. "तिच्यापायी गाव सुटलं म्हनायचे. तिच्या दिरांनी तिला लई मारल्तं. काय केलं, कुनी सांगायचं न्हाई... आमाला वाटायचं, कायतरी वाईट केलं असंल. अब्बूसुद्धा मरेपर्यंत तिच्यावर नाराज होते. तिनं मुँह से एक लफ्ज न्हाई काढला. आमी तिला काय काय समजलो, मॅडम." आणि अर्धवट शिवलेल्या गादीवर डोकं टेकून ती रडायला लागली.

आता आमच्या इतिहासाच्या खोलीत मैनाबीची माहिती भिंतीवर लावली आहे. प्रत्येक माहितीखाली 'सांगणारे' म्हणून एक ओळ असते. हिच्या खाली मी कौसाबाईंचं नाव लिहिलं. दुसरं काय लिहिणार? याचा उलगडा मला झालेला नाही. ती फाईल मी अजूनही मधून मधून लावते, आणि कौसाबाई दरवेळी 'न्हाई ठावं' म्हणतात.

गेल्या महिन्यात शमीम आली होती. अक्षरांवरून बोट फिरवत तिनं सगळं सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली.

"या कौसाबाई कुठं राहतात? त्यांना भेटायचंय."

"त्या वारल्या."

"या अल्ला. मंग त्यांनी नाव कधी सांगितलं तुम्हाला?"

खोटं मला तेव्हाही बोलता आलं असतं.

"यंदा मार्चमध्ये," मी म्हटलं. कौसाबाईंना जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती.