तुरटीचा खडा आणि पाण्याची खूण

माझ्या नाकावर राग असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. चिमटेकाकांनी बायकोला प्रयोगशाळेत आणून बसवायचं ठरवलं तेव्हा पहिली कुरकूर मीच केली होती, हेही आधीच सांगून टाकते.

चिमटेकाका आमची प्रयोगशाळा सांभाळत. गरम असो की गार, प्रत्येक वस्तू ते चिमट्याने उचलत. जेवणाचा डबाही चिमट्याने उघडतात, अशी मुलांनी अफवा उठवली होती. मी फळ्यावर ‘उष्णतेने धातू प्रसरण पावतो’ लिहायचे, तोवर मागे काका तापवलेला गोळा कड्यावर ठेवून उभे असायचे. मघाशी सहज आरपार गेलेला गोळा आता अडकायचा, मुलं टाळ्या वाजवायची आणि कौतुक माझं व्हायचं.

काकू तीस वर्षं रोपवाटिकेत कामाला होत्या. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. एकदा घरी एकट्या असताना त्या न्हाणीघरात पडल्या आणि काका येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. काकांच्या नोकरीचे आठ महिने उरले होते.

“तिला तिथे ठेवून मी इथे काम कसं करू, बाई?” ते मला म्हणाले. “हातात ॲसिडची बाटली आणि चित्त घरी. कधीतरी सांडेल.”

मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली, पण अट घालून. काकूंचा हात कशालाही लागता कामा नये. लागला, की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यायचं नाही.

काकू खिडकीजवळच्या स्टुलावर बसू लागल्या. खिडकीच्या फळीवर सातवीचा तुरटीचा प्रयोग मांडला होता. कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवायची, पाणी गार झालं की त्यात दोऱ्याला बांधलेला एक छोटा खडा सोडायचा आणि वाट बघायची. पाणी हळूहळू हवेत उडून जातं, तुरटी काही उडत नाही. मागे राहिलेल्या पाण्यात ती मावेनाशी होते आणि खड्यावर थर धरत जाते. तीन महिन्यांत आमचा खडा आवळ्याएवढा झाला होता, काचेसारखा, स्वच्छ कडांचा. काकांनी त्या काचेच्या चंचुपात्रावर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली होती आणि दर सोमवारी ते पाण्याच्या पातळीची खूण करायचे. आपला खडा प्रदर्शनात ठेवायचा, असं मुलांनी ठरवून टाकलं होतं.

मध्ये परीक्षेचा आठवडा आला. त्या दिवसांत काका वर्गावर्गांत बाकं लावत फिरत होते, आणि प्रयोगशाळेत काकूंशिवाय कोणी नव्हतं. सोमवारी मी सातवीला घेऊन गेले, तर पाण्यात नुसता दोरा लोंबत होता. खडा नाही.

माझा पारा चढला. “कोणी काढला?” परीक्षेच्या दिवसांत एक मुलगी इथे वही विसरली म्हणून आली होती, एवढं कळलं आणि मी तिच्यावर घसरले. ती रडायला लागली. कबूल केल्याशिवाय वर्गाला वर्षभर प्रयोगशाळा बंद, असंही मी जाहीर केलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे रागात सुचत नाही.

काका चंचुपात्राजवळ वाकून पट्टी बघत होते. बराच वेळ बघत होते. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग चिमटा खाली ठेवला.

“बाई, त्या पोरीला बोलू नका. खूण बघा. पाणी खाली जायला हवं होतं, दीड बोट वर आलंय.” “कोणी तरी रोज पाणी घातलंय. आमच्या हिनेच.”

एवढ्या एका वाक्यात काय गेलं, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. काकूंनी डावा हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

“सुकत... होतं,” त्या म्हणाल्या.

ज्या बाईने जन्मभर रोपवाटिकेतली एकही कुंडी कोरडी पडू दिली नाही, ती दुसरं काय करणार होती? त्यांच्या पायाशी पिण्याच्या पाण्याची बाटली होती. मला माझीच लाज वाटली. मी त्या मुलीला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलं माझं.”

ती नाक पुसत चंचुपात्राकडे गेली. “पण बाई, मग खडा गेला कुठे?”

“तूच सांग. तुरटी काही हवेत उडत नाही.”

तिने विचार केला. “म्हणजे यातच आहे. दिसत नाहीये फक्त.”

“सगळीच्या सगळी,” काका म्हणाले. ते काकूंकडे बघत होते.

दुपारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि काकूंचा हात लागला म्हणून सरळ सांगितलं.

“मग अट ठरली होती ना?”

“ठरली होती. पण त्यांना नुसतं बसवून ठेवलं, ही चूक आपली. बसून राहणाऱ्या बाई नाहीत त्या. त्यांना काम द्या.”

“आणि पुन्हा काही झालं तर?”

“तर मला बोला.”

इतक्या वर्षांत मी कोणाची तरफदारी करायला आलेली त्यांनी पाहिली नव्हती. “तुमच्या जबाबदारीवर,” त्या म्हणाल्या.

सातवीने पाणी उकळून आटवलं, गार केलं आणि दोऱ्याला नवा छोटा खडा बांधून सोडला. प्रदर्शन हुकलं. काकांनी नवी पट्टी चिकटवली आणि पेन्सिल काकूंच्या डाव्या हातात दिली. आता रोज खूण त्या करणार होत्या. पहिले काही दिवस त्यांचा हात बाटलीकडे जायचा, मग मागे यायचा. पाणी उतरताना बघणं त्यांना किती जड जात होतं, ते चेहऱ्यावर दिसायचं. मुलं विचारायची, “काकू, आज?” काकू सावकाश म्हणायच्या, “घालायचं... नाही.”

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी खडा बाहेर काढला. पहिल्याएवढा मोठा नव्हता. मुलांनी तो काकूंच्या ओंजळीत ठेवला, तेव्हा त्यांनी उजव्या हाताची बोटंही त्याच्याभोवती थोडीशी आवळली. काका चिमटा विसरून नुसत्या हातांनी काकूंची ओंजळ सावरत राहिले.

ती कागदाची पट्टी मी सोडवून माझ्या वहीत ठेवली आहे. वरच्या खुणा वेड्यावाकड्या आहेत, खाली येता येता सरळ होत गेल्या आहेत. एकही खूण आधीच्या खुणेच्या वर नाही.