माणच्या विहिरीतला लाल पट्टा

मी इस्लामपुरात भूगोल शिकवतो. बोलणं शुद्ध, कपडे इस्त्रीचे, आणि गाव कुठलं असं कुणी विचारलंच तर "सातारा" म्हणून मोकळा होतो. खरं गाव माण तालुक्यातलं, पण माणचं नाव काढलं की लोक दुष्काळ आणि मेंढरं यांवर येतात, ते मला नको असतं.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत आमच्या आणि सातारा जिल्ह्यातल्या शाळांची प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न विचारणारा मी आणि गुण देणाराही मीच. शेवटच्या प्रश्नापर्यंत आमची शाळा आणि माणमधली एक शाळा बरोबरीत होत्या. जिंकेल तो संघ पुण्याला अंतिम फेरीला जाणार होता.

प्रश्न निघाला : ज्वालामुखी कुठे होतात? कार्डावर उत्तर छापलेलं होतं : भूपट्टांच्या सीमांवर.

आधी माणची पाळी होती. नववीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "बहुतेक भूपट्टांच्या कडंला. दोन पट्ट लांब सरकत्यात तिथं, न्हाईतर एक दुसऱ्याखाली घुसतो तिथं. पण सगळे न्हाई, सर. आपला काळा खडक पट्टाच्या मधनंच वर आलेल्या लाव्ह्याचा हाय. आमच्या हिरीत दोन काळ्या थरांच्या मधी भाजलेल्या लाल मातीचा पट्टा हाय. म्हंजी लाव्हा आला, थांबला, वर माती झाली, मग परत लाव्हा आला."

उत्तर बरोबर होतं. खरं तर कार्डच अर्धवट होतं. आणि तो लाल पट्टा मी स्वतः हातानं चाचपलेला आहे. माझे वडील मेंढरं राखायचे आणि उन्हाळ्यात विहिरी खोदायला जायचे. लाल पट्टा लागला की काम थांबायचं. वडील ती माती प्रत्येकाच्या कपाळाला लावायचे आणि मगच पुन्हा पहार उचलायचे. माझ्याही कपाळाला लावली आहे.

पण "हिरीत" ऐकून सभागृहात खसखस पिकली होती, आणि मला हसणाऱ्यांच्या बाजूला बसायचं होतं. मी माइकवर म्हणालो, "अगं, माणात प्यायला पाणी नाही, तिथं लाव्हा कुठून आणलास?" सभागृह खदखदून हसलं. मी तिचं उत्तर चूक ठरवलं. मग आमच्या मुलानं कार्डावरचं वाक्य पोपटासारखं म्हटलं आणि पुण्याला आमचा संघ गेला. शहाणपणाबद्दल मुख्याध्यापकांनी माझी पाठही थोपटली.

लाज घरी पोचायच्या आतच वाटायला लागली होती. पण वाटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. कबूल करायला मला पाच महिने लागले, इतका मी भित्रा. शेवटी एका शनिवारी एसटीनं तिच्या शाळेत गेलो. तिच्या बाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं.

मी म्हणालो, "तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. मला तेव्हाही माहीत होतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमाला म्हाईत असणार, ते मला ठावं हुतं, सर," ती म्हणाली. "तुमी माणचं हाय म्हणून बाईंनी आदीच सांगितलं हुतं. न्हाईतर मी पुस्तकातलंच बोलणार हुते. आपलं माणूस विचारतंय म्हणून हिरीचं सांगितलं."