दोन पायांतला फरक

आमच्या थांबरावांना त्यांचं खरं नाव विचाराल, तर क्षणभर त्यांनाही आठवावं लागेल. हे नाव मैदानावरच्या पोरांनी ठेवलं. दुखरा पाय घेऊन कोणीही आलं की या फिजिओथेरपिस्टचं पहिलं वाक्य तेच: "थांब. अजून दोन आठवडे थांब." तीस वर्षांची त्यांची सारी कारकीर्द या एका शब्दावर उभी. प्रेक्षकांच्या गॅलरीच्या जिन्याखाली त्यांची खोली. रेक्झिनचं बाकडं, खिळ्याला लटकणारे रबरी पट्टे आणि पायाचा जोर मोजायचं तळहाताएवढं यंत्र. मी नाटकातून निवृत्त झालो, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हापासून मी तिथला कायमचा प्रेक्षक.

त्या दिवशी बाकड्यावर त्यांची भाची पालथी झोपली होती. शंभर मीटर पळणारी. डाव्या मांडीचा मागचा स्नायू फाटल्याला सात आठवडे झाले होते आणि रविवारी संघाची निवड होती. मामाची सही असेल तरच पळायला मिळणार होतं.

"मामा, आज तरी तुझं ते लाडकं वाक्य नको."

"मी कशाला बोलू? यंत्र बोलेल."

थांबरावांची पद्धत ठरलेली. टाचेमागे यंत्र धरायचं आणि गुडघा दुमडून ओढायला लावायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. दोन्हींत दहा टक्क्यांहून कमी फरक आला तर सही. वहीत ते फक्त फरक लिहीत. प्रत्येक पायाचा आकडा कधी लिहीत नसत.

भाचीने उजवा पाय ओढला. दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. मग डावा. थांबरावांनी दोनदा गणित केलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा केलं.

"चार टक्के. मागच्या आठवड्यात अठरा होता गं." त्यांनी लगेच सही केली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उजव्या पायाच्या वेळी मात्र तिचा सगळा जोर चेहऱ्यात होता, टाचेत नव्हता. रिकाम्या पेट्या जड असल्यासारख्या उचलण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मला ते दिसलं. वाटलं, दमली असेल. गप्प बसलो.

रविवारी साठाव्या मीटरला ती मांडी धरून कोसळली. या वेळी स्नायू हाडापासूनच सुटला होता.

शस्त्रक्रियेनंतर मी थांबरावांबरोबर तिला भेटायला गेलो, तेव्हा तिने आईसमोरच सांगून टाकलं. "मामा, चांगला पाय मी मुद्दाम कमी ओढला. फरक दिसू नये म्हणून."

तिची आई भावाला म्हणाली, "ती पोर आहे, फसवणारच. पण तू मामा ना? आधीचे आकडे असते तर कळलं असतं की नाही?"

"कळलं असतं, ताई."

रुग्णालयाचा जिना उतरताना, मोजणीच्या वेळी मला जे दिसलं होतं ते मी थांबरावांना सांगितलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही नट आहात. ओळखायला मी होतो तिथे."

मैदानावरची खोली त्यांनी सोडली. आता रोज सकाळी बहिणीकडे जातात. ती दार उघडते आणि आत निघून जाते. भाचीचा पाय हातात घेऊन ते गुडघा जरासा दुमडतात, सरळ करतात, पुन्हा दुमडतात. जिने चढता येतील, असं डॉक्टर म्हणालेत. पळण्याचं विचारायला त्या घरात अजून कोणी धजावलेलं नाही.