भावकीचं भाषांतर

कळंबच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत, कांदा सुकवायचा एक कारखाना आहे. तिथं मी दुभाषी म्हणून लागले तेव्हा आमच्या पिंपरी पेंढारात माझं हसूच झालं. "एवढं रशियन शिकून शेवटी कांद्यातच आलीस व्हय गं?" चुलतीनं विचारलं. पुण्यात पाच वर्षं ती भाषा घोकली, आणि तिकडं लढाई सुरू झाली. ज्या कंपन्या मला बोलावणार होत्या त्यांनी फोन उचलायचं बंद केलं. मग काय करणार, गपगुमान एसटी धरली आणि गावी आले.

कारखान्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणतात. शेठनी चीनहून मोठा ड्रायर आणला होता. कांद्याच्या चकत्या जाळीच्या पट्ट्यावरून गरम हवेतून जातात आणि पलीकडच्या टोकाला कुरकुरीत होऊन पडतात. निदान पडायला हव्यात. पट्टा मधेच अडकायचा आणि चकत्या करपायच्या. तो नीट करायला चीनहून एक चाळिशीतला इंजिनिअर आलेला. आणि माल घेणाऱ्या रशियन कंपनीनं एक साठी उलटलेला तपासनीस पाठवलेला. त्याला माल पसंत पडला तरच सही. मला ठेवलं होतं ते त्या रशियन म्हाताऱ्यासाठी; चिनी माणसाशी शेठ मोबाईलवर भाषांतर करून आणि हातवाऱ्यांनी बोलायचे.

पहिल्याच दिवशी माझं काम दुप्पट झालं. तो चिनी रशियन बोलत होता! व्याकरणाची पार वाट लावून, पण धडाधड. नदीकाठचा माणूस. नदीच्या या तीरावर चीन, त्या तीरावर रशिया. त्याची आई पलीकडून येणाऱ्या बायकांना जाकिटं विकायची, आणि हा दुकानात बसून भाषा शिकला. म्हाताराही त्याच मुलखातला, पलीकडच्या तीरावरचा. सकाळी भेटले की दोघं म्हणायचे, "शांगो!" शांगो म्हणजे झकास. रशियन म्हणे हा शब्द चिनी, चिनी म्हणे छे, हा तर तुमचाच. शेवटी तो शेठनी उचलला. चहा शांगो, भेळ शांगो, आणि लाईट गेली की, "घ्या, झालं शांगो!"

चिनी माणसाचं मात्र काहीच शांगो नव्हतं. पोलिसात नोंद करायचीय म्हणून शेठनी त्याचा पासपोर्ट घेतला आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून दिला. मशीन चाललं की देतो, म्हणाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मुलीची परीक्षा होती. तिकडं ती एकच परीक्षा पुढचं सगळं ठरवते, आणि त्या दिवशी आईबाप शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहतात. "मी उभा राहीन असं तिला कबूल केलंय," तो मला रोज सांगायचा. मे सरत आला होता. तो शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. कंपाउंडला लागून ऊस, उसात बिबट्या, म्हणून दिवस कलला की फाटकाला कुलूप. मला तर तिथं नुसतं उभं राहिलं तरी घुसमटायला व्हायचं.

आणि या सगळ्यात मी माती खाल्ली.

दुपारचा चहा चालला होता. म्हातारा रंगात आला होता. म्हणाला, "माझ्या वडिलांच्या काळी आम्ही रशियन थोरले भाऊ आणि हे चिनी धाकटे. यांना कारखाने उभे करून दिले. याच्या आजोबांनी आमची गाणी पाठ केली. आता माझी गाडी यांची, फोन यांचा, आणि माझा नातू शाळेत चिनी शिकतोय. धाकटा थोरला झाला, अन् मला कुणी विचारलंसुद्धा नाही." चिनी हसला आणि सौम्यपणे म्हणाला, "थोरला-धाकटा काही नाही, आपण शेजारी." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "आजोबा सांगायचे, थोरल्या भावाचं बिनसलं तेव्हा त्यानं सगळे इंजिनिअर माघारी बोलावले. जाताना कारखान्यांचे नकाशेसुद्धा घेऊन गेले."

"काय म्हंत्यात पावणं?" शेठनी विचारलं.

मला शहाणपणा सुचला. म्हटलं, "काही नाही शेठ, दोघं भावकीतले आहेत म्हणतात."

मला वाटलं शेठ हसतील. शेठनी कपबशी खाली ठेवली. "भावकी? बांधावरनं कधी वाजलं व्हतं का त्यांचं?"

आता इथं तरी गप्प बसावं ना! पण मी पडले प्रामाणिक. म्हटलं, "वाजलं होतं. नदीतल्या एका बेटावरून. गोळ्या झाडल्या होत्या एकमेकांवर. पण ते मिटलं शेठ. मोजणी होऊन हद्दी ठरल्या, आता पूलसुद्धा झालाय."

"मोजणी झाली की मिटतंय व्हय? आमची तीनदा झाली." शेठचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधाचा दावा माझ्या जन्माच्याही आधीपासूनचा. त्या चुलतभावानं एकदा ऐन उन्हाळ्यात शेठची पाइपलाइन तोडली होती. "आता आलं ध्यानात. पट्टा अडकत न्हाई, त्यो अडकवतोय! माल जळला का रशियाचं पावणं हात हलवत माघारी. भावकीत एकाचं बरं झालेलं दुसऱ्याला बघवत न्हाई, ताई. मी लई भोगलंय."

मी बोलून बोलून दमले. मस्करी केली म्हटलं, देशांची भावकी वेगळी म्हटलं. "तू पोरगी हाईस, तुला न्हाई कळायचं," एवढंच उत्तर. चारच दिवसांत पट्टा सुरळीत चालला, चकत्या पांढऱ्याशुभ्र पडायला लागल्या, तरी पासपोर्ट कपाटातच. "पावणं जाऊंद्या, मग बघू. ह्यो सुटला का काहीतरी करून जाईल." परीक्षेला आठ दिवस राहिले होते. चिनी माणूस शेडच्या दारात उकिडवा बसून मोबाईलमधला मुलीचा फोटो बघायचा. मला विचारायचा, "ते का देत नाहीत? मशीन तर चालतंय." मी काय सांगणार? माझ्या एका शब्दापायी तू इथं अडकलास, हे सांगायला तोंड कुठं होतं मला? लाज वाटत होती नुसती.

म्हाताऱ्यानं शेवटचा माल तपासला. चिमूटभर चकत्या तोंडात टाकल्या आणि म्हणाला, "शांगो. उद्या सकाळी सही करतो."

शेठ माझ्याकडं बघत होते. शांगो त्यांना कळला होता, पुढचं नाही.

"माल झकास आहे म्हणतात," मी म्हटलं. शेठनी मोबाईलला विचारलं असतं तर मी मेलेच होते. "पण सही करणार नाहीत. म्हणतात, आमचं आपसात काहीही असो, आमच्या भावकीतलं माणूस परक्याच्या दारात कोंडून ठेवलंय. तसंच टाकून गेलो तर घरी काय तोंड दाखवू?"

शेठनी मान हलवली. "बराबर हाय त्यांचं. माझ्या चुलतभावाला कुणी असं कोंडलं असतं, तर मीच पयला धावलो असतो. दावा गेला खड्ड्यात." बनियनच्या खिशातून किल्ली काढत ते उठले. म्हाताऱ्याला काहीच कळलं नव्हतं. तो अजून चकत्या खात होता.

कपाट उघडलं. लाल पासपोर्ट वर होता. त्याच्या खाली माझी निळी फाईल: दहावीपासून पदवीपर्यंतची सगळी अस्सल प्रमाणपत्रं. कामावर घेताना शेठनीच ठेवून घेतलेली, 'मध्येच सोडून जाऊ नये म्हणून'. पुण्याहून दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं, दोन्ही वेळा त्यांनी अस्सल कागद आणा म्हटलं, आणि दोन्ही वेळा मी पोट दुखतंय म्हणून घरी बसले. मागायची हिंमत झाली नाही, खरं तेच सांगते.

चिनी माणसानं पासपोर्ट दोन्ही हातांत धरला. कपाटात त्याची नजर गेली, फाईलवरचा माझा फोटो त्यानं बघितला, आणि मग माझ्याकडं. रशियनमध्ये म्हणाला, "बहिणी, तुझे कागद पण इथंच आहेत. मी निघालो. आता तूही नीघ."

"काय म्हणलं पावणं?" शेठनी विचारलं.

"धन्यवाद म्हणाले."

"एवढा लांब?"

"त्यांच्यात लांबच असतो."

शेठ हसले आणि माझी फाईल आतच ठेवून कपाटाला कुलूप लावलं. "तुमी उद्या आठलाच या ताई, सहीला."

"बरं," मी म्हणाले.