बोटमामांची शेवटची फेरी

बोटमामा प्रवाशांच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. सोलापुरात देवळामागच्या तळ्यात एका ठेकेदाराची मोटरबोट होती, ती मामा चालवत. दुष्काळानंतर तळं पुन्हा भरलं होतं आणि लोक हौसेनं फेरी मारायला येत. काठावर गुंडाळून ठेवलेल्या दोरावर कुणाचा पाय पडला, की तो उचलेपर्यंत मामा इंजिनाला हात लावत नसत. "जाताना इंजिन नेतंय," ते म्हणत, "पर काठाला धरतोय त्यो दोरच की."

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होते. सुटीच्या दिवशी ते मला गाठी शिकवत. बोट कडीला बांधायची गाठ कितीही ओढ बसली तरी टिकायची, पण मोकळं टोक ओढलं की झटक्यात सुटायची. माझी गाठ आवळून बसायची. ते हसत नसत. "बाई, बांदलेलं सोडता आलं पायजे," एवढंच म्हणत.

मामी सीमेवरच्या दुधनी गावच्या. माहेरची भाषा कन्नड. पन्नाशीतच त्या विसरायला लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग गल्ली, मग मराठी. डॉक्टरांनी यावर औषध नाही असं सांगितलं होतं. तिन्हीसांजेला त्या दाराशी येऊन म्हणत, "मनीगे होगोण." घरी जाऊ या. एकदा तर त्या थेट स्टेशनात सापडल्या. त्यांचा भाऊ येऊन मामांना म्हणाला, कामावर जाताना खाटेला बांधून जा, दुसरं करणार काय?

मामांनी एकच दुपार बांधलं. कमरेभोवती जुनं लुगडं गुंडाळून, त्यावर न आवळणारा फास. मी शाळेतून आले, तर मामा काम अर्धवट टाकून परतलेले. मामी नखांनी दोर खरवडत होत्या. एखाद्या परक्याला विचारावं तसं त्यांनी नवऱ्याला कन्नडात विचारलं, माझं काय चुकलं? मामा गाठीशी झटत होते, पण त्यांना स्वतःचीच गाठ सुटेना. शेवटी ती मी सोडली.

त्यानंतर ते मामींना तळ्यावर नेऊ लागले. संध्याकाळची शेवटची फेरी त्या दोघांचीच. तळ्याला वळसा घालून बोट त्याच पायऱ्यांना लागायची आणि मामा म्हणायचे, "आलं बघ घर." मामी पदर सावरून निवांत उतरायच्या. त्या रात्री भिंतीपलीकडून मामींचा आवाज यायचा नाही.

मग इंजिन बिघडलं. सुटा भाग कुठं मिळेना, आणि ठेकेदारानं बोट विकून टाकली. वल्ह्याची का होईना, एखादी नाव ठेवा, म्हणून मामा त्याच्याकडे खेटे घालत राहिले. ते काही जमलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी तळ्यावर गेले. दोघं पायरीवर बसले होते. मामी पुन्हा पुन्हा "मनीगे होगोण" म्हणत होत्या आणि मामा पाण्याकडे बघत होते. मी आले, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.  बऱ्याच वेळानं मामींनी मामांकडे नीट बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी मराठीत बोलल्या.

"तुमालाबी न्यायला कुणी आलं न्हाय व्हय?"

"न्हाय," मामा म्हणाले.

"मग बसा हितंच," असं म्हणून मामी थोड्या सरकल्या आणि त्यांना जागा करून दिली.