खंदकातली अढी

दुसऱ्या महायुद्धात अहमदनगर शहर सुखरूप राहिलं, याचं श्रेय आमच्या शेजारच्या काकांना द्यावं लागेल. निदान काका स्वतः ते घेत असत. नगरवर बॉम्ब टाकायची जपान्यांना फारशी निकड नव्हती, हे आम्हा पोरांनाही कळत होतं. पण कचेरीतून निवृत्त झालेल्या काकांना सरकारनं हवाई हल्ल्याचे वॉर्डन नेमलं, लोखंडी टोपी आणि शिट्टी दिली, आणि त्या दिवसापासून आकाश त्यांच्या ताब्यात आलं. घार दिसली तरी थांबून तिची दिशा बघत. भाजी आणायला टोपी घालून जात. दिवे झाकायच्या हुकमापायी त्यांनी तुळशीपुढच्या निरांजनालाही काळा कागद गुंडाळला. तो पेटला. सबंध युद्धात आमच्या आळीत लागलेली आग ती एवढीच.

आळीतल्या मोकळ्या जागेत त्यांनी छातीइतका खोल खंदक खणून घेतला होता. शिट्टी झाली की त्यात उतरून डोकं खाली घालायचं, असा नियम. उतरत कुणीच नसे. अत्तारचाचा म्हणत, "काका, दुकान कुणाच्या भरोशावर सोडू? जपान्याच्या?" दूधवाली म्हणे, "मला लई कामं हायती. जितेपनी कशाला खड्ड्यात जाऊ?"

अशात वैशाखात निरोप आला, की साहेब तपासणीला येणार. आळी खंदकात उतरली नाही, तर टोपी पलीकडच्या आळीतल्या सोनाराकडे जाईल. काकांचं जेवण सुटलं. तपासणीच्या सकाळी ते खंदक झाडायला गेले, तर तळाशी वाळलेलं गवत, आणि गवतात काकूंच्या माहेरचे, नेवाशाकडचे आंबे.

"अगं, हा खंदक आहे!"

"रिकामाच पडला होता. आंब्यांना ऊब लागते."

"साहेब येतोय. काढ ते!"

"लेक येणार आहे माहेरपणाला, तिच्यासाठी अढी घातलीय. अर्धे कच्चे आहेत. हात लावायचा नाही."

काका ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर घेतली. "म्हणजे सोनार," एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं, पदर खोचला आणि घरोघर सांगून आल्या: शिट्टी झाली की अढी मोकळी, ज्याच्या हाताला लागेल त्याचा आंबा.

दुपारी साहेबाची मोटार आली. काकांनी पडेल चेहऱ्यानं शिट्टी फुंकली, आणि ती ओठांतून निघण्याआधी सगळी आळी खंदकात होती. चाचा दुकान उघडं टाकून आले होते, दूधवाली तर सर्वांत पुढे. सगळ्यांची डोकी खाली, अगदी नियमाप्रमाणे, कारण पिकलेले आंबे तळाशी होते. मलाही दोन मिळाले. एक आंबट निघाला. साहेब थक्क झाला. गवताकडे बोट करून त्यानं काही विचारलं, दुभाष्यानं ते मराठीत सांगितलं, आणि जन्मात खोटं न बोललेले काका म्हणाले, "धक्का बसू नये म्हणून, साहेब."

त्या दिवशी काका टोपी घालूनच जेवायला बसले. एरवी काकूंनी ती काढायला लावली असती. त्या दिवशी त्यांनी आग्रहानं आणखी एक पोळी वाढली. लेक आली, तिला आमरसाऐवजी गुळवणी मिळाली. आईनं वडिलांसाठी काय खर्चलं ते ऐकून ती बराच वेळ हसली, मग डोळे पुसत बसली.

विमान शेवटपर्यंत आलं नाही. साहेबाच्या हुकमानं मात्र नगरच्या सगळ्या खंदकांत गवत पसरण्यात आलं, आणि पुढच्या वैशाखात सगळ्या खंदकांत आंबे होते.