राणीचे नगारे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाकडे बघून हे बोलायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी एक कादंबरी लिहिली. काल्पनिक राज्य, म्हातारी राजमाता, गादीवर डोळा ठेवून बसलेले तीन सरदार. त्यातला एक प्रसंग लोकांना फार आवडला. राजमाता मरणशय्येवर आहे. वारसाचं नाव सांगायला ती सुनेला हाका मारतेय — आणि सून नगारे वाजवायचा हुकूम देते. हाक कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. ‘हे सुचलं कसं?’ असं मला प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. मी हसते. म्हणते, सुचतं.

सुचलं नव्हतं. ते माधुरीचं होतं.

माधुरी अमरावतीची. कर्वेनगरात आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहायची. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सगळं तिनेच केलं — हगणंमुतणं, भरवणं, पाठीच्या जखमा पुसणं. त्या दिवसभर हाका मारायच्या. कधी पाणी, कधी कूस, कधी नुसतीच हाक. एका दुपारी हाक आली आणि माधुरीने मिक्सर लावला. भांडं रिकामं होतं. ती ओट्याला टेकून तो आवाज ऐकत उभी राहिली. मिक्सर बंद करून आत गेली, तोवर सासूबाई गेल्या होत्या.

घरात सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच — सूनबाई चटणी वाटत होत्या, हाक ऐकू आली नाही. खरं तिने फक्त मला सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, माझा हात घट्ट धरून. कुणाला सांगणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. आणि तरी लिहिलं. राणीचे कपडे चढवले, नगारे लावले — मग कोण ओळखणार, नाही का?

माधुरीने ओळखलं. पुस्तक वाचून खाली आली, माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, “त्या सुनेला तू वाईट नाही दाखवलंस. बरं वाटलं.” म्हणजे तिने मला माफ केलं होतं. प्रकरण तिथे मिटलं असतं. इथवरची चूक मी कदाचित कुणाला सांगूही शकले असते.

पुढची नाही.

एका रविवारी पार्किंगमध्ये अविनाशराव भेटले — माधुरीचे यजमान. स्वभावाने सरळ, आईवर जीव टाकणारे. म्हणाले, “अहो, तुमची कादंबरी वाचून काढली. कारस्थानं झकास जमलीयत. फक्त ते नगारे पटले नाहीत. सून एकवेळ विष देईल हो, पण हे? ओढूनताणून वाटतं. असं कुणी करत नाही.”

बस, एवढंच. त्यांना कसलाही संशय नव्हता. एक वाचक मला माझा सगळ्यात गाजलेला प्रसंग खोटा वाटतो म्हणून सांगत होता. आणि मला ते सोसलं नाही.

मी म्हणाले, “करतात. त्या दुपारी मिक्सरच्या भांड्यात काय होतं, माधुरीला विचारा.”

ते आधी हसले. मग हसू उतरलं. मला सावरून घेता आलं असतं — चेष्टा केली म्हणता आलं असतं. मी गाडीची किल्ली शोधत राहिले.

त्यांनी विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही. आरडाओरड झाली नाही, वरून कसलाही आवाज आला नाही. थोड्याच दिवसांत ते बिबवेवाडीला बहिणीकडे राहायला गेले, ते परत आले नाहीत. मुलीच्या लग्नात दोघं कन्यादानाला शेजारी बसले. विधी संपेपर्यंत त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

माधुरी आता वारजेला एकटी असते. तिची समजूत अशी, की त्यांनी पुस्तक वाचूनच ताडलं. मी काय बोलले, ते त्यांनी तिला का सांगितलं नाही, मला ठाऊक नाही. मध्यंतरी ती आली होती. म्हणाली, “खरं सांगू? एकदा मला वाटलं होतं, तूच बोललीस. असं मनात आणलं, त्याची लाज वाटते गं.” आणि माझ्यापुढे रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे,” म्हणाले. मी — तिला — म्हणाले.

गेल्या महिन्यात प्रकाशकांचा फोन आला. नवी आवृत्ती काढतोय, काही बदलायचं आहे का? नगाऱ्यांचं पान मी पुन्हा वाचलं. चांगलं उतरलंय ते. एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं.